भित्रा कोण?

दिवाळीच्या पाडव्याला जुन्या पंचांगांत बलिप्रतिपदेबरोबर आणखी एक नाव दिलेले असते: द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळली आणि शंकर हरले अशी कथा आहे. तिच्या आधाराने वर्षातून एक दिवस घरच्या घरी जुगार खेळायला धर्मानेच परवानगी देऊन ठेवली. एरवी पत्त्यांचा जोड दिसला तरी ज्यांच्या कपाळाला आठी पडे, ते वडीलधारे त्या दुपारी स्वतः कवड्या घेऊन बसत. या सवलतीमागे एक समजूत असावी असे मला नेहमी वाटत आले आहे. डाव मांडला की माणसाचे पाणी कळते, ही ती समजूत. बेधडक खेळतो तो छातीचा, जपून खेळतो तो कचखाऊ. गंमत अशी की, बायकोसकट सर्वस्व पणाला लावणाऱ्या धर्मराजाला मात्र आपण छातीचा म्हणत नाही.

या समजुतीविषयी मला थोडे बोलायचे आहे. माझ्या नोकरीची तीस वर्षे मुंबईच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवण्यात गेली आणि आता मी तुडीलला, महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातल्या माझ्या गावी राहतो. दोन्ही ठिकाणी एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, ते कानावर आले म्हणजे मी सावध होतो: “आपल्या माणसांत धाडसच नाही.” मुंबईत ते सभांतून ऐकू येई. येथे ते नवे बियाणे घेऊन येणारा अधिकारी म्हणतो, सुटीला आलेला चाकरमानी म्हणतो, आणि ज्याच्याविषयी ते म्हटले जाते तो शेतकरीही मान डोलावून म्हणतो. प्रश्न असा की, धाडस ही माणसाच्या अंगची वस्तू आहे काय? असेल तर तिच्या अभावाबद्दल त्याला दोष देणे रास्त होईल. नसेल, तर आपण रोज कितीजणांवर उगाच ठपका ठेवीत असतो!

माझ्या शास्त्राने या प्रश्नाला कागदावर फार पूर्वी हात घातला होता. दानिएल बेर्नुलीने १७३८ साली जोखमीचे गणित मांडले; फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली गेम थिअरीचा पाया घालताना ते पक्के केले. पण खरी माणसे, खरे पैसे आणि खरे नाणे घेऊन एखाद्या खेड्यात जाऊन बसावे, ही कल्पना ज्या थोड्या लोकांनी आधी अमलात आणली त्यांत हान्स बिन्सवांगर हा जन्माने स्विस अर्थशास्त्रज्ञ होता. त्याने जी सहा खेडी घेतली त्यांतली चार आपल्या महाराष्ट्रातली: सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा. उरलेली दोन, औरेपल्ले व डोकूर, आजच्या तेलंगणातली. कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तिने १९७५ पासून या प्रत्येक गावातली चाळीस कुटुंबे निवडून त्यांच्या शेतीची, मजुरीची, खाण्यापिण्याची बारीक नोंद ठेवायला सुरुवात केली. त्याच दोनशे चाळीस कुटुंबांत बिन्सवांगरने आपले द्यूत मांडले, आणि त्याचा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध केला.

डाव असा. तुमच्यापुढे काही पर्याय आहेत. एक निवडायचा, मग नाणे उडवायचे. पहिल्यात छापा पडो की काटा, पन्नास पैसे मिळणार. दुसऱ्यात छाप्याला ४५ आणि काट्याला ९५ पैसे. पुढे ४० किंवा १२०. त्यापुढे ३० किंवा १५०. आणखी पुढे १० किंवा १९०. आणि शेवटी छाप्याला शून्य, काट्याला दोनशे पैसे. (मधले एक-दोन मी गाळले आहेत.) जसजसे पुढे जावे तसतशी सरासरी प्राप्ती वाढते आणि नशीब फिरले तर हाती येणारी रक्कम घटते. शेवटच्या पायरीवर तर सरासरीही वाढत नाही, नुसती जोखीम वाढते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून आपला पर्याय मनाशी धरावा. मग सर्व आकडे शंभरपट करावेत, म्हणजे पहिल्यात खात्रीचे पन्नास रुपये आणि शेवटच्यात शून्य किंवा दोनशे. काळ त्या वेळचा समजावा, आणि पुन्हा निवडावे. बिन्सवांगरने पन्नास पैशांपासून पन्नास रुपयांपर्यंत डाव असेच चढवीत नेले. मधे दिवस जाऊ दिले, म्हणजे माणसाला घरी जाऊन विचार करता यावा. सर्वांत मोठ्या डावातली प्राप्ती अकुशल मजुराच्या महिन्याच्या कमाईहूनही अधिक होती. शिरापूरच्या मजुराला तो खेळ राहिला नव्हता.

काय आढळले? पन्नास पैशांच्या डावात माणसे सगळीकडे विखुरली. कोणी शेवटच्या पायरीवर उडी घेतली, कोणी पहिलीवरून हलेना. जे आपण पाडव्याला कवड्या खेळताना पाहतो तेच. पण रक्कम वाढली तशी ही विविधता आटत गेली. पन्नास रुपयांच्या डावात बहुतेक सगळे मधल्या पायऱ्यांवर येऊन ठेपले, थोडे सावध, थोडे धीट. जमीनवाला आणि भूमिहीन यांच्यांत फरक शोधला, तर श्रीमंतीने सावधपणा किंचित कमी होतो असे दिसले, पण तो फरक इतका बारीक की त्यावर भर देता येऊ नये.

आणखी एक गोष्ट आढळली, तिचे मला फार कौतुक वाटते. खेळापाठोपाठ तोंडी प्रश्न विचारूनही तेच मोजण्याचा प्रयत्न झाला होता. तोंडी उत्तरांचा आणि प्रत्यक्ष निवडीचा काही मेळच बसेना, आणि उत्तरे तर विचारणारा कोण आहे त्याप्रमाणे बदलत. ओटीवर बसून आपण एकमेकांच्या धाडसाविषयी जे बोलतो त्याची किंमत यावरून करावी.

यातून बिन्सवांगरने जे अनुमान काढले ते मला आकड्यांहून मोलाचे वाटते. एक शेतकरी नवे खत, नवे बियाणे घेतो आणि दुसरा घेत नाही, याचे कारण दोघांच्या स्वभावात शोधू नका. कर्ज कोणाला मिळते, बाजार कोणाच्या हाती आहे, माहिती कोणापर्यंत पोचते, तेथे शोधा. छाती दोघांची सारखीच. पायाखालची जमीन वेगळी.

आमच्या तुडीलच्या भातशेतीत पाहा. शेतकरी सगळी खाचरे एका जातीने लावीत नाही. उंचावरच्या तुकड्यात हळवे, जे लवकर निसवते. पाणी धरणाऱ्या खोलगट खाचरात गरवे. वरकशीवर नाचणी, वरी. बाहेरून येणाऱ्याला हा विस्कळीतपणा वाटतो. एकच भरघोस जात सगळीकडे लावली तर उत्पन्न वाढेल, असे तो हिशेब मांडून दाखवतो, आणि त्याचा हिशेब चुकीचा नसतो. पण गणपतीनंतर पाऊस अवचित गेला तर हळवे हाती लागते, आणि भर कापणीत आला तर गरवे अजून उभे असते. एकूण काही ना काही घरात येते. बिन्सवांगरच्या पायऱ्यांवर ही तिसरी-चौथी पायरी झाली.

या सावधपणाला किंमत पडते, आणि ती सर्वांना सारखी पडत नाही. रोझेन्झ्वाइग आणि हाच बिन्सवांगर यांनी १९९३ साली त्याच गावांच्या नोंदींवरून हिशेब मांडला. पावसाची अनिश्चितता ठरावीक मापाने वाढली, तर सर्वांत गरीब चौथ्या हिश्शातल्या शेतकऱ्यांचा नफा सुमारे ३५ टक्क्यांनी घटतो. सर्वांत सधन चौथ्या हिश्शाला जवळजवळ काहीच झळ लागत नाही. कारण गरिबाला बुडण्याच्या भीतीने सगळा संसारच कमी फळाच्या पण खात्रीच्या वाटेने मांडावा लागतो. सधनाच्या पोटाला बुडीत वर्षाची बेगमी असते. दोघांनाही जुगाराला बसवले तर दोघे एकाच पायरीवर बसतील. शेतात मात्र एक ‘प्रगतिशील शेतकरी’ ठरतो आणि दुसरा ‘धाडस नसलेला’. जमीन कायद्यानेही थोडी घट्ट करता येते, हे महाराष्ट्रानेच दाखवले. वि. स. पागे यांची रोजगार हमी १९६५ साली तासगावात अजमावली गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि अवर्षणाच्या वर्षी खडी फोडून का होईना, चूल पेटण्याची सोय झाली.

एका पाडव्याला मी हा डाव आमच्या ओटीवर मांडला. मुंबईहून आलेली नातवंडे होती, शेजारची मंडळी फराळाला आली होती. रक्कम चढवता चढवता मी पेन्शनीला झेपेल तेथवर नेली. मुले शेवटची पायरी सोडीनात, आणि मोठी माणसे मधे येऊन बसली. तेवढे पुस्तकाप्रमाणे झाले. शेजारच्या मोहल्ल्यातले एक वयोवृद्ध चाचा सगळे पाहत होते. त्यांना म्हटले, “चाचा, तुम्ही घ्या ना एक.” ते हसले. “नाना, नाणं तुमचं, पैसा तुमचा, म्हणून ही गंमत. माझा पैसा असता तर मी या ओटीवर चढलोच नसतो.”

चाचांनी प्रयोगाचे वर्मच काढले होते. बिन्सवांगरच्या डावात वाईटात वाईट म्हणजे शून्य. स्वतःच्या खिशातले कोणाचेच जात नव्हते. गरिबाला खरोखर हरवून त्याची छाती मोजणे कोणत्याही शास्त्राला शोभणारे नाही, आणि म्हणून शास्त्राला मिळालेल्या वस्तूवरच थांबावे लागते. आयुष्य तसे थांबत नाही. काहनेमन व ट्वर्स्की यांनी १९७९ साली, बिन्सवांगरच्या एकच वर्ष आधी, दाखवले की शंभर रुपये मिळाल्याच्या सुखापेक्षा शंभर गेल्याचे दुःख माणसाला कितीतरी जड जाते. चाचांनी ते वाचलेले नव्हते. त्यांचा थोरला मुलगा आखातात गेला तेव्हा त्याच्या तिकिटासाठी घरातले दागिने मोडले होते, एवढे मात्र मला ठाऊक होते.

मग माणसे मुळी उडी घेतातच कशी? एकटी घेत नाहीत, असे उत्तर त्याच गावांच्या नोंदींतून येते. रॉबर्ट टाउनसेंड याने शिरापूर, कंझरा आणि औरेपल्ले या तीन गावांच्या वह्या तपासून १९९४ साली दाखवले की, एखाद्या घराचे उत्पन्न बुडाले तरी त्याचा खाण्यापिण्याचा खर्च फारसा कोसळत नाही. तो गावाच्या एकूण बऱ्यावाईटाबरोबर वरखाली होतो. उसनवारी, नातीगोती, साठवलेले धान्य यांतून गाव नकळत एकमेकांचा विमा उतरवीत असते. गेम थिअरीवाले म्हणतील की यात औदार्य फारसे नाही. डाव एकदाच नसून वर्षानुवर्षे खेळायचा आहे, आज मी हात आखडला तर उद्या माझ्याकडे कोण पाहील, एवढाच हिशेब आहे. असेना का. रोझेन्झ्वाइग व स्टार्क यांनी १९८९ साली लेकींच्या सोयरिकी तपासल्या, तेव्हा त्या दूरदूरच्या गावांत दिलेल्या दिसल्या, आणि अशा घरांचे वाईट वर्षातले खाणे कमी डळमळते असे आढळले. आपल्याकडचा पाऊस चुकला तरी व्याह्याकडचा चुकेलच असे नाही. लेकीला एवढ्या लांब का दिली, म्हणून आईने काढलेल्या आसवांचा हिशेब मात्र कोणत्या वहीत नाही. टाउनसेंडच्या शोधात एक खडाही आहे: तीनपैकी एका गावात भूमिहीनांना हा आधार इतरांइतका मिळत नव्हता. गावाचे कवच गावातल्या सर्वांवर नसते.

येथे एक आक्षेप माझा मलाच घ्यावासा वाटतो. धाडस जर जमिनीवर आणि सोबतीवर ठरत असेल, तर ज्यांच्या पायाखाली काहीच नव्हते त्यांनी कधी पाऊलच उचलायला नको होते. आणि आमच्या तालुक्याचे गाव तर महाड आहे! सीताराम केशव बोले यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठरावाने मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. आणि तरी १९२७ पर्यंत ते पाणी कोणी प्याले नाही. कागदावर जे मोकळे होते ते प्रत्यक्षात बंद राहिले, कारण पहिली ओंजळ भरणारा एकटा पडणार हे सर्वांना ठाऊक होते, आणि ते सर्वांना ठाऊक आहे हेही सर्वांना ठाऊक होते. अशा गाठीला गेम थिअरीत समतोल म्हणतात. शब्द फार सभ्य आहे. ती गाठ २० मार्च १९२७ रोजी सुटली ती परिषदेला आलेले हजारो लोक एकत्र चालत तळ्यावर गेले म्हणून. पुढे चालणारे डॉ. आंबेडकर स्वतः अर्थशास्त्राचे पंडित होते, रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिलेले. सोबतीने हिशेब कसा पालटतो हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

एवढे शास्त्राला सांगता येते. पण त्याच दिवशी मंडपात परतलेल्या लोकांना मारहाण झाली, तळे पुढे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले, आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. संध्याकाळी प्रत्येकजण पुन्हा आपापल्या खेड्यात, जेथे तो एकटाच होता, परतणार होता. हे माहीत असून जो सकाळी निघाला त्याचा हिशेब मला बिन्सवांगरच्या पायऱ्यांवर मांडता येत नाही. जमिनीचा सिद्धांत मी सोडीत नाही. पण त्याचा उपयोग दुसऱ्याला भित्रा न म्हणण्यासाठी करावा, कोणाचे शौर्य उणे करण्यासाठी करू नये. हा फरक मी धरून आहे, आणि तो तर्काने पुरता सिद्ध होत नाही हेही मला दिसते.

असो. एवढे सगळे मी सांगतो आहे त्याला एक अगदी घरगुती निमित्तही आहे. आमच्या वाडीत दोन भावांच्या घरी वाटणीचा प्रश्न आला आणि त्यांनी जी चार माणसे बसवली त्यांत मी होतो. धाकटा भाऊ तरुणपणी मुंबईला गिरणीत लागला. थोरला घरी राहिला. आईवडील, सहा तुकड्यांची शेती, दोन म्हशी. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि धाकटा बायकोमुलांसह गावी आला. थोरल्याच्या भातावर दोन पावसाळे काढले, आणि मग पुन्हा मुंबईला जाऊन पडेल ते काम करीत राहिला. म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली काढली. पुढच्या एका सोडतीत त्याचे नाव लागले. घराची रक्कम भरायला थोरल्याने परसातली सागाची झाडे विकून पैसे धाडले. आता त्या मुंबईच्या घराची किंमत तुडीलच्या सगळ्या सातबाऱ्याहून कितीतरी पट आहे.

धाकट्याच्या मुलाचे म्हणणे सरळ होते: मुंबईचे घर वडिलांच्या कष्टाचे, त्यात वाटा नाही; गावची जमीन वडिलोपार्जित, तिचे दोन भाग. कायदा त्याच्या बाजूला होता. तो म्हणाला, “धोका आमच्या बाबांनी पत्करला. काका घर सोडून कधी बाहेर पडले नाहीत.” मुलगा उद्धट नव्हता. लहानपणापासून घरात जे ऐकले तेच तो बोलत होता. थोरला भाऊ खाली मान घालून सुपारी कातरत राहिला. वहिनी माजघराच्या दारातून म्हणाल्या, “भावजी गेले तेव्हा आम्हीही जाऊ शकत होतो. मग सासूबाईंचं कोणी केलं असतं?”

पंचांत दोन मते पडली. मी माझे सांगितले. १९७४ साली धाकट्याने जे नाणे उडवले त्याच्या छाप्याच्या बाजूला थोरल्याचे भात होते. म्हणून तो डाव शून्य किंवा दोनशेचा कधी नव्हताच. संपाच्या दोन पावसाळ्यांत छापा पडला आणि ते भात खर्ची पडले. ज्याने घर राखले त्याने जोखीम घेतली नाही, असे मला म्हणवत नाही. त्याने ती दुसऱ्याच्या नावावर घेतली. मुलगा म्हणाला, “नाना, असं मोजायला लागलं तर कुठपर्यंत मोजायचं?” त्याचा प्रश्न योग्य होता आणि माझ्यापाशी मोजपट्टी नव्हती.

दोन दिवसांनी धाकटा भाऊ स्वतः मुंबईहून आला. मुलाला बाजूला घेऊन त्याने काय सांगितले ते मला कळले नाही. महाडला जाऊन त्याने जमिनीचे हक्कसोडपत्र थोरल्याच्या नावे करून दिले आणि मुंबईचे घर आपल्याकडे ठेवले. कागद झाल्यावर त्याने थोरल्याकडे एकच मागितले: गणपतीत यायला माजघराशेजारची खोली. वहिनींनी ती त्याच संध्याकाळी सारवून ठेवली.